लाँगलीचे चार फाऊल

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

आपला लाँगली बास्केटबॉल टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडला. तुला पत्ताच नसणार, कारण तू ग्रुप म्यूट करून ठेवलायस आणि दिवाळीला तेवढा उगवतोस. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मध्येच 'एक सेकंद हं' म्हणून कुणाशी तरी गुजरातीत बोलायला लागतोस, आणि हे तोडून तोडून सांगण्यासारखं नाही. आमच्याकडे सगळं ठीक. गुडघा आहे तसाच, शुगर काठावर. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला सगळ्यांच्या घरातली धूळ दिसते.

तर झालं असं. सरांच्या घरी आवराआवर चालली होती. काकूंनी कॅप्टनला बोलावून एक जुनी फाइल दिली, त्यात आपल्या इंटरझोनल फायनलचं स्कोअर शीट निघालं. गुलाबी कार्बन कॉपी, जिंकलेल्या टीमला देतात ती. घड्यांवर फाटलीय, पण आकडे स्पष्ट. कॅप्टनने त्याचा फोटो काढला, फोटोत स्वतःच्या प्रत्येक बास्केटभोवती लाल गोल मारले आणि ग्रुपवर टाकला. खाली ओळ, 'एकट्यानं ओढली होती मॅच.' मग काय, अंगठ्यांचा पाऊस. (हा तोच माणूस, ज्याला २३ नंबरची जर्सी मिळत नाही म्हणून दोन दिवस प्रॅक्टिसला आला नव्हता. तेव्हा चार ते पंधरा एवढेच नंबर चालायचे, हे सरांनी त्याला नियमपुस्तक उघडून दाखवलं, तरी त्याला वाटत होतं सर मुद्दाम करतायत.)

लाँगलीचं पोरगं आता नववीत आहे, शाळेच्या टीममधून खेळतं. शीट वाचता येतं त्याला. त्याने बापाचा मोबाईल घेतला, बापाची ओळ शोधली. रनिंग स्कोअरमध्ये बापाचा नंबर कुठेच नाही. फाऊलच्या चौकोनांत मात्र ओळीने चार 'पी', म्हणजे पर्सनल फाऊल. आणि ते जे बोललं ते लाँगलीने मला शाहूपुरीतल्या दुकानात, गिऱ्हाईकाला वजन करून देता देता, हसत हसत सांगितलं. "पोरगं इचारतंय, बाबा, तुम्ही नुसतं फाऊलच करत हुता व्हय?"

तो हसला, मीही हसलो. संध्याकाळी बघतो तर गडी ग्रुपमधून गेलेला. फोन केला तर म्हणाला, "काय नाय रे, मेमरी फुल व्हत होती."

आता माझी पंचाईत ऐक. पुढच्या महिन्यात आपल्या टीमचा सत्कार आहे, स्मरणिका निघणार आहे, आणि माझं मराठी बरं म्हणून प्रत्येक खेळाडूवर चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात आलंय. कॅप्टनचा मजकूर त्याच्याकडून तयार टाइप होऊन आला, दीड पान. तुझं मी दहा मिनिटांत उरकलं, 'चपळ गार्ड' वगैरे, खरं कशाला लिहू. लाँगलीपाशी अडलोय. तो म्हणतो माझं नाव घालू नका, मी काय केलंय. आणि मला त्या चार ओळी स्मरणिकेसाठी लिहायच्याच नाहीत, त्या पोरासाठी लिहायच्यात. पोराला पुरावा लागतो.

आधी मी त्याला गाठलं. अंगात अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या स्टीफन करीचा तीस नंबरचा टी-शर्ट. म्हटलं, तुझ्या या करीच्या टीमने २०१५ ला टायटल घेतलं, तेव्हा फायनलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, कोण? म्हणे करी. म्हटलं, नाही, आंद्रे इग्वोदाला. सगळा रेग्युलर सीझन त्याने बेंचवरून येऊन खेळला, एकाही मॅचला स्टार्ट केलं नाही. फायनलमध्ये क्लीव्हलँड २-१ ने पुढं गेल्यावर चौथ्या मॅचला त्याला सुरुवातीपासून उतरवलं, लेब्रॉनला धरायला. आणि ती कल्पना हेड कोचचीसुद्धा नव्हती, निक युरेन नावाच्या त्याच्या एका मदतनिसाची होती. पोराने आधी मोबाईलवर तपासलं, मग विश्वास ठेवला. मग म्हणतं, "पण काका, शेवटच्या मॅचला त्यांनी पंचवीस पॉइंट केलेत की."

काय बोलणार? बरोबर आहे त्याचं. मग मी शिकागोचा स्टीव्ह कर काढला. १९९७ ची फायनल, यूटाविरुद्ध सहावी मॅच, ८६-८६, जॉर्डनवर दोघं धावून आले, त्याने बॉल करला दिला, पाच सेकंद असताना शॉट आत. नंतर विजयाच्या सभेत करने लोकांना काय सांगितलं तेही ऐकवलं, की जॉर्डन म्हणाला मला असल्या वेळी जरा अवघडल्यासारखं होतं, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी द्या. पोरगं हसलं. पण हसता हसता माझ्याच लक्षात आलं की हाही शॉट मारणाराच. आपण ज्यांना साइड हीरो म्हणून डोक्यावर घेतलं, त्यातला बहुतेक प्रत्येक जण कधीतरी एक बास्केट मारूनच लक्षात राहिलाय. बास्केट नसतं तर तो आपल्यालाही ठाऊक नसता. रॉडमन पॉइंट करत नव्हता म्हणशील, पण त्याचे रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचे पकडलेले बॉल, मोजणारे होते, सलग सात सीझन तो लीगमध्ये पहिला. आपल्या गुलाबी शीटवर रिबाउंडचा रकानाच नाही. पॉइंट मांडायचे आणि फाऊल मांडायचे, संपलं.

आठवतं का, खासबागेत भेळ खाताना शिकागोच्या कुकोचवरून आपलं किती जुंपलं होतं? १९९४, न्यूयॉर्कविरुद्ध तिसरी मॅच, १.८ सेकंद शिल्लक, शॉट कुकोचला दिला म्हणून पिपेन रुसून बेंचवर बसला, आणि कुकोचने मारला. तू म्हणत होतास, हाच खरा, युरोपात राजा होता आणि इथं येऊन बेंचवरून खेळला. मी म्हटलं, तो बॉल बाहेरून आत टाकला कुणी? तुला येईना. पीट मायर्स! भरल्या गर्दीत पिपेनच्या जागी उतरून त्याने तो पास दिला. त्यावर तू म्हणालास, 'नुसता आत टाकायला काय जातंय,' आणि माझ्या भेळेवर पाणी सांडलंस. मुद्दाम. मी अजून विसरलेलो नाही.

माझा माणूस मात्र तेव्हापासून शिकागोचाच होरेस ग्रँट, आणि आता तर पक्काच. १९९३ ची फायनल, फिनिक्सविरुद्ध सहावी मॅच. चौथ्या क्वार्टरमध्ये शिकागोचे तोवरचे सगळे नऊ पॉइंट जॉर्डनने एकट्याने केलेले, तरी दोनने मागं. पिपेन आत घुसला, बॉल ग्रँटकडे. ग्रँट रिंगच्या जवळ, मारला असता तर कुणी बोललं नसतं. त्याने बाहेर पॅक्सनला दिला. पॅक्सनचा थ्री, ३.९ सेकंद, ९९-९८. सगळं जग पॅक्सन पॅक्सन करतं. त्यानंतर फिनिक्सच्या केव्हिन जॉन्सनचा शेवटचा शॉट अडवला कुणी? ग्रँटनेच. हे मी पोराला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा ते गप्प बसलं. मग म्हणालं, "बाबांनी असलं काय केलं हुतं?"

आता इथं तू लागतोस, बंड्या. मी बेंचवर होतो म्हणून मला दिसलं, पण मी सांगितलं तर 'काका बाबांचे दोस्त' एवढंच होईल. तू कोर्टवर होतास. बघणारं तरी दुसरं कोण होतं? शाहू स्टेडियमवर पेठांची फुटबॉल मॅच, सगळं गाव तिकडं. आपल्याकडे सर, माळीकाका आणि कॅप्टनची ती दूरची मावसबहीण, जी तुझ्यासाठी आली होती अशी तुझी समजूत आहे.

ते चार पी एकेक करून बघू. पहिला खरा त्याचाच, सोलापूरच्या त्या जाड्याला कोपर लागलं. असू दे. दुसरा स्क्रीनवरचा, म्हणजे तुझ्या मागच्या माणसाच्या वाटेत आडवं उभं राहताना झालेला. स्क्रीन लावणारा थांबलेला हवा, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. तो पाय रोवायच्या आधीच तू सुटलास, तो तुझ्यासाठी अर्धं पाऊल सरकला आणि रेफरीची शिट्टी वाजली. तिसरा कॅप्टनच्या माणसाचा. कॅप्टन डिफेन्सला परत यायचाच नाही, त्याचा माणूस मोकळा आत, लाँगली आपला माणूस सोडून मध्ये पडला. आणि चौथा, शेवटच्या मिनिटातला, तो तर सरळसरळ तुझा. तुझा आडवा पास त्यांनी पळवला, पुढं मोकळं मैदान, लेअप ठरलेला. पाठून धावत येऊन लाँगलीने त्याचा हात बॉलसकट दाबला. दोन्ही फ्री थ्रो त्या सोलापूरवाल्याने रिंगवर मारून हुकवले. आपण किती पॉइंटने जिंकलो? एक. शीटवर तुझ्या पासचा डाग नाही, त्याचा पी आहे.

आणि कॅप्टनचे लाल गोल! त्यातले कितीतरी फ्री थ्रो लाइनच्या डाव्या कोपऱ्यावरून. तिथं लाँगली उभा राहायचा, हात छातीशी घेऊन, हनुवटी आत. कॅप्टनच्या मागं धावणारा त्याच्यावर थाडकन आदळायचा. तो आवाज बेंचवर ऐकू यायचा. मॅचनंतर मी त्याला आयोडेक्स चोळलं होतं, बरगडीवर तळहाताएवढा निळा डाग. एनबीएने २०१६ पासून हेसुद्धा मोजायला घेतलंय, कुणाच्या स्क्रीनमुळे बास्केट झालं, कुणी धावून येणाऱ्याची धडक अंगावर घेऊन त्याचा फाऊल काढला, कुणी सुटलेला बॉल पकडला. आपल्याला उशीर झाला. गणपतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांचे फोटो येतात, ट्रॅक्टर हाकणाऱ्याचा येत नाही, तसं आहे.

भीती एकच. हे सगळं लिहिलं तर वकिलाने आरोपीची बाजू मांडल्यासारखं दिसेल, आणि लाँगलीला दया केलेली आवडत नाही. पांघरूणसुद्धा मागून घेणारा माणूस नाही तो. शिवाय कॅप्टन चिडणार. चिडू दे, पण स्मरणिकेची जाहिरात त्याचीच आहे, मागच्या पानावर, रंगीत. छापणारे काय म्हणतील देव जाणे. बायको म्हणते, एवढं काय, चार ओळी गोड लिहा नि सोडा. पण 'टीमचा आधारस्तंभ' असलं काही मी लिहिणार नाही. ते पोरगं ओळखेल, आपल्याला बापाचं सांत्वन वाचायला दिलंय म्हणून.

म्हणून लाँगलीच्या चार ओळी तू लिही. तुझ्या नावाने छापतो. तो पास माझा होता, हे तुझ्या हाताने आलं की पोरगं वाकून वाचेल. शनिवारपर्यंत दे. वळणदार लिहू नकोस, तुला जमतही नाही.

बाकी तुझं काय? बदलीचं झालं का? धाकटीचा निकाल चांगला लागला म्हणे, तिला शाबासकी. वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीला आराम पडला असेल. सत्काराला येणार असशील तर आधी कळव, आमच्याकडेच उतर, लॉजवर गेलास तर आई दारात उभी करणार नाही.

तुझा,
बेंचवरचा

ता. क. स्मरणिकेला तुझा तेव्हाचा फोटो पाठव. केस असलेला. कॅप्टनला यातलं काही बोलू नकोस, त्याला छापून आल्यावर कळू दे.