बटण मीही दाबलं होतं

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आपण 2028 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल लावून टाकलात, त्याबद्दल प्रथम अभिनंदन. न्यू हॅम्पशायरमधल्या काहीशे लोकांना कुणी तरी प्रश्न विचारले, त्यात एक गृहस्थ चार टक्क्यांनी पुढे निघाले आणि आपल्या मथळ्यात ते थेट 'व्हाइट हाउसच्या उंबरठ्यावर' जाऊन उभे राहिले. त्यांनी अजून उमेदवारीसुद्धा जाहीर केलेली नाही. उंबरठा बराच लांबरुंद दिसतो.

बातमीच्या शेवटच्या ओळीत, डोळ्यांना चष्मा लावूनही दिसू नये अशा टायपात, 'अधिक-उणे चार टक्के' असं छापलं आहे. हे अधिक-उणे प्रत्येकाच्या आकड्याला वेगळं लागतं. पुढच्याचे चार घटू शकतात आणि मागच्याचे चार वाढू शकतात. म्हणजे ही आघाडी आहे की नाही, हेच ठरत नाही. शिवाय फोन कोण उचलतो आणि मतदानाला खरंच कोण जातं, हा घोळ त्या अधिक-उण्यात धरलेलाच नसतो. तो किती असतो ते मला ठाऊक आहे, कारण त्या घोळातला एक मी आहे.

डिसेंबर 2007 मध्ये लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही उभयता न्यू हॅम्पशायरमधल्या नाशुआ गावी गेलो होतो. अध्यक्षपदाचा आपला उमेदवार कोण, हे तिथले पक्ष आधी एकेका राज्यात मतं घेऊन ठरवतात. त्यातला आयोवाचा निकाल 3 जानेवारीला लागला, डेमोक्रॅटांमध्ये ओबामा जिंकले, आणि पुढचे पाच दिवस घरातला फोन थांबेना. लेक-जावयाला मताचा अधिकार नव्हता. 'वी आर नॉट सिटिझन्स' म्हणून ते फोन ठेवून द्यायचे. एका संध्याकाळी बाळ नुकतंच झोपलेलं, म्हणून मी धावत जाऊन रिसीव्हर उचलला. पलीकडे ध्वनिमुद्रित बाई. मतदान करणार असाल तर एक दाबा. नकार देणं बरं दिसेना, मी एक दाबलं. मग उमेदवारांची नावं आली. ओबामांचं नाव नीट ऐकू आलं, ते दाबलं. वय विचारलं, तेवढं मात्र खरं सांगितलं. टुरिस्ट व्हिसावर आलेला, ठाण्याच्या तलावपाळीला रोज तीन फेऱ्या मारणारा एक पेन्शनर अशा रीतीने न्यू हॅम्पशायरचा संभाव्य मतदार झाला.

तेव्हाच्या चाचण्यांची सरासरी ओबामांना आठेक टक्क्यांची आघाडी देत होती. मी उत्साहाच्या भरात आपल्याच दैनिकाला पत्र ई-मेल केलं. त्यात लिहिलं होतं की चाचण्यांनुसार ओबामांची सरशी दिसते. मात्र यावर फार विसंबू नये, कारण इथे कुठल्याही पक्षाशी न बांधलेले मतदार भरपूर आहेत, ते ऐनवेळी कोणत्याही एका पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत देऊ शकतात, आणि एका चाचणीत तर खुद्द मीच बटण दाबलं आहे.

आपण 'मात्र'पासून पुढचं सगळं कापलंत. उरलं काय, तर 'न्यू हॅम्पशायरमध्ये ओबामांचीच सरशी', खाली माझं पूर्ण नाव, आणि छापलंत 9 जानेवारीला सकाळी. तिथे तेव्हा मतदानाच्या मंगळवारची रात्र होती. आपल्याकडे लोक दुसरा चहा घेत असतील-नसतील, तोवर टीव्हीवर हिलरी क्लिंटन जिंकल्याचं जाहीर झालं. साडेसात हजारांवर मतांनी. तलावपाळीच्या कट्ट्यावर एका हातात माझं पत्र आणि समोर बातम्या! मी परत येईपर्यंत माझं नाव 'ओबामा' पडलं होतं. पुढे ते खरोखरच अध्यक्ष झाले, तरी माझी त्यातून सुटका झाली नाही. सतरा-अठरा वर्षं झाली, भाजीवालाही त्याच नावाने हाक मारतो.

गंमत अशी की त्याच चाचण्यांनी त्याच दिवशी रिपब्लिकनांचा मॅकेन जिंकणार हे बरोबर सांगितलं होतं. तिथल्या चाचणीकारांच्या संघटनेने मग समिती बसवली. 2009 च्या तिच्या अहवालात एकच एक कारण काही सापडलं नाही. मतपत्रिकेवर क्लिंटन यांचं नाव वर आणि ओबामांचं खाली होतं, इथपर्यंत त्यांनी शोधलं. माझ्या बटणाचा उल्लेख नाही.

हे एका राज्याचं, तेही मतदानाला एक दिवस उरलेला असताना. आपण तर वर्षावर्षांआधीचं बोलताय. 2007 भर रिपब्लिकनांमध्ये देशभर न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी पुढे होते; फ्लोरिडात तिसरे येऊन 30 जानेवारी 2008 ला घरी गेले. बायडन 2020 मध्ये आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. पुढे काय झालं ते आपल्याच अंकात वाचलं. इतक्या आधी लोक नाव ओळखीचं आहे का एवढंच सांगतात. लग्नाच्या पहिल्या बैठकीत मुलीचे काका पत्रिका न बघता 'मुलगा बरा वाटतो' म्हणतात ना, तितपत. आपले बेळगावचे श्री ठाणेदार 2018 मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी उभे होते, तेव्हा सुरुवातीच्या काही चाचण्यांत ते पुढे होते, कारण टीव्हीवर जाहिराती त्यांच्याच. ऑगस्टमध्ये प्रायमरीत तिसरे आले. पुढे ते काँग्रेसवर निवडून गेले, हा भाग वेगळा. त्याचा आनंद आम्हालाही झाला. पण त्या चाचण्यांच्या भरात कट्ट्यावर जे पेढे आले त्यात माझीही वर्गणी होती.

तेव्हा चाचणी जरूर छापा. किती जणांना विचारलं, कधी विचारलं, फोनवर की इंटरनेटवर, आणि 'अजून ठरवलं नाही' म्हणणारे किती, हे मथळ्याच्या खालीच द्या. कालच्या बातमीत हा शेवटचा आकडा मला तरी सापडला नाही.

जाता जाता. त्याच बातमीत दोनदा 'आयोवाच्या कॉकेशसमध्ये' असं छापलं आहे. शब्द कॉकस आहे. गावोगावच्या शाळांत, सभागृहांत पक्षाचे लोक संध्याकाळी जमतात आणि तिथेच आपली पसंती सांगतात, ती सभा. 2024 साठी तर डेमोक्रॅटांनी आयोवाचा पहिल्या नंबरचा मानही काढून घेतला, त्याचा बातमीत पत्ता नाही. मुद्रितशोधकाचं पद आपण रद्द केल्याचं ऐकलं होतं, आता खात्री पटली. कॉकेशस हा पर्वत आहे आणि तिथे आयोवाचं कुणी राहत नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
नौपाडा, ठाणे

ता. क. : या वेळी कापायचं झालं तर कृपया सुरुवात कापा.