पुढचा ब्रेक मारायला पन्नाशीत शिकलो

संपादक साहेब नमस्कार,

१९९८ पासून मुलुंड ते अंधेरी रोज बाईकने जातोय, जेव्हीएलआरचे (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडचे) खड्डे, मेट्रोच्या कामाच्या लोखंडी प्लेटा, पहिल्या पावसात ऑइल वर येऊन घसरडा झालेला रस्ता, सगळं बघून झालंय, त्यामुळे मुलाने एक दिवसाच्या अॅडव्हान्स रायडिंग ट्रेनिंगला माझं नाव घातलं तेव्हा मी म्हटलं मला काय शिकवणार हे.

पनवेलजवळच्या मैदानात पहिलंच काम दिलं, ४० च्या स्पीडने या आणि त्या प्लॅस्टिकच्या ट्रॅफिक कोनपाशी थांबा. मी सवयीने मागचा ब्रेक दाबला, चाक लॉक झालं, गाडी आडवीतिडवी घसरत कोनच्या पार पुढे जाऊन थांबली. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीच्या वयाची, हसली नाही एवढे उपकार. गाडी शिकवताना काका म्हणाले होते पुढच्या ब्रेकला हात लावशील तर तोंडावर आपटशील, ते इतकी वर्षं डोक्यात बसलेलं. खरं तर ब्रेक लागला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं, म्हणजे गाडी थांबवायचं मुख्य काम पुढचाच ब्रेक करतो, फक्त तो झटक्यात आवळायचा नाही, लिंबू पिळतो तसा दाब वाढवत न्यायचा. मागचा कामाला येतो तो ट्रॅफिकमधून मुंगीच्या चालीने जाताना, गाडी स्थिर ठेवायला. माझी गाडी जुनी, एबीएस म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम नाही (१२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते २०१९ पासून कंपल्सरी झालं), त्यामुळे हे हातालाच शिकवावं लागतं. दहाबारा वेळा केल्यावर कुठे कोनच्या अलीकडे थांबलो.

आणि ६० च्या स्पीडला एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे बेस्टच्या १२ मीटरच्या बसपेक्षा जास्त, आणि समोरचं बघून ब्रेकला हात जाईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो, म्हणजे हे सगळं ब्रेक लागायच्या आधीच! ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर आपण पुढच्या टेम्पोला चिकटून किती अंतर ठेवतो ते आठवून बघा.

मुद्दा असा की हे मला आधी कोणी विचारलंच नाही. लायसनच्या वेळी आठचा आकडा काढून दाखवला, झालं. २०१८ ला रिन्यू केलं तेव्हा चाळिशी उलटली म्हणून डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं, ते दिलं, पण गाडी कशी थांबवतोस हे कोणी बघितलं नाही. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची. पोलीस हेल्मेट बघतात, बघायलाच पाहिजे, पण हेल्मेटचं काम आपटल्यावर सुरू होतं.

आरटीओने रिन्यूअलच्या वेळी निदान अर्धा दिवस ब्रेकची प्रॅक्टिस ठेवावी. मुंबईत जागा नाही म्हणतील, तर रविवारी सकाळी टेस्ट ट्रॅक रिकामेच असतात की, ते वापरा. फी घ्या, आम्ही देऊ.

– एक बाईकवाला, मुलुंड