छापील वारली कशाला?

प्राथमिक शाळांतील चित्रकलेत लोककला आणाव्यात, असे सुचवणारा लेख (रविवार पुरवणी) वाचला. सूचना रास्त, पण आपल्याकडे लोककला म्हणजे वारली, तीही छापील आकृतीत रंग भरण्यापुरती. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन यांवर उभी असलेली ही शैली मुलांनी स्वतः रेखाटली, तरच आकार कळतील. शिवाय गोंड राजा बख्त बुलंद शाहाने वसवलेल्या नागपुरात ठिपके-रेषांनी भरलेली गोंड चित्रे वर्गात का नसावीत? तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी तर अनेक घरांत असतो. तो समोर ठेवला, की शिंगांची कमान, पाठीचा बाक मुले बघून काढतील. त्यासाठी महागडे ‘प्रोजेक्ट किट’ नको. (ते बहुधा आईच पूर्ण करते!)

– एक पालक, धरमपेठ, नागपूर