बाबांच्या दोन प्रश्नांची उत्तरं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आम्ही इथे अमेरिकेत, कोलंबसला घर घेतल्याचं ऐकल्यावर बाबांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या: गावात माणसं किती आणि नदी किती लांब. घाईघाईत उरकण्यासारखी उत्तरं नव्हती, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

आई, तू नकाशात पाहिलंस ते ओहायो राज्याच्या राजधानीचं कोलंबस. आमचं कोलंबस शेजारच्या इंडियाना राज्यात, इंडियानापोलिसच्या दक्षिणेला गाडीने तासाभरावर. या राज्यात ९२ काउंट्या आहेत. काउंटीचा कारभार आपल्या जिल्ह्यासारखा, पण आकार एखाद्या तालुक्याएवढा. बार्थोलोम्यू काउंटीचं कोर्ट-कचेरीचं गाव म्हणजे कोलंबस. २०२०च्या जनगणनेत गावात ५०,४७४ माणसं होती आणि अख्ख्या काउंटीत ८२,२०८. पाचांतली तीन माणसं एका गावात, उरलेली लहान वस्त्यांत आणि मक्या-सोयाबीनच्या शेतांमध्ये विखुरलेली. उत्तरेकडून येताना जमीन सपाट दिसते, कारण हिमयुगातल्या बर्फाने ती घासून सारखी केली आहे. पश्चिमेला ब्राऊन काउंटीकडे वळलं की टेकड्या आणि जंगल लागतं. बर्फ तिथवर पोचलाच नव्हता.

बाबा, मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा. २००० साली गावात ३९,०५९ लोक होते, २०१० साली ४४,०६१, आणि आता पन्नास हजारांच्या वर. इंडियानातल्या कितीतरी काउंट्यांमधली माणसं याच काळात कमी झाली. शाळांचे वर्ग रिकामे पडले की गाव कसं खंगतं ते तुम्ही आपल्या कोकणातल्या घराकडे पाहिलंच आहे. हे गाव वाढतंय ते मुख्यतः इंजिनांमुळे. कमिन्स कंपनी १९१९ साली इथेच सुरू झाली आणि तिचं मुख्यालय आजही इथेच आहे. १९६२ साली तिने किर्लोस्करांबरोबर पुण्यात कारखाना काढला. कोथरूडला त्याच्या गेटवरून आपण किती वेळा गेलो असू! त्या नात्यामुळे इथे पुण्याची माणसं येत-जात असतात. किराणा घेताना मागून कुणीतरी "अगं, कोथिंबीर संपली का?" असं म्हणतं आणि मी वळून बघते. तेव्हा आई, "तिथे बोलायला कोण असेल?" ही काळजी मनातून काढ.

आता नदी. ड्रिफ्टवूड आणि फ्लॅटरॉक या दोन नद्या गावाच्या पश्चिम अंगाला मिळतात आणि तिथून पुढे व्हाइट नदीचा पूर्वेकडचा फाटा सुरू होतो. आपल्याकडे मुळा-मुठेचा संगम आहे तसंच. ते पाणी वॉबॅश, ओहायो, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताला जातं. संगमाजवळच्या सखल जागेत पूर्वी गरिबांची वस्ती होती आणि दर पुरात तिथे पाणी भरायचं. 'डेथ व्हॅली' म्हणत त्या भागाला. आता तिथे मिल रेस पार्क आहे, आणि त्याची आखणीच अशी आहे की पूर आला तर पाणी बागेत शिरावं आणि मग ओसरून जावं. नदीची जागा नदीला परत दिली, हे मला फार पटलं.

पण बाबा, खरा दणका दिला तो एका ओढ्याने. ७ जून २००८ला प्रचंड पाऊस झाला आणि पूर्वेकडून वाहणारा हॉ क्रीक फुगला. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं, सगळ्या रुग्णांना हलवावं लागलं आणि हॉस्पिटल काही महिने बंद राहिलं. पानशेतच्या वेळी ओंकारेश्वराजवळच्या वाड्यातून आजीने तुम्हाला कडेवर घेऊन बाहेर काढलं, ते ऐकतच मी मोठी झाले. म्हणून एजंटने घर दाखवण्याआधी मी पूररेषेचा नकाशा मागितला. वर्षाला एक टक्का शक्यता असलेल्या पुराचा पट्टा त्यात रंगवलेला असतो, आणि त्या पट्ट्यातल्या घराला कर्ज हवं तर बँक पुराचा विमा घ्यायला लावते. ओढ्याजवळचं एक घर स्वस्त होतं, स्वयंपाकघर तर अगदी आईला आवडेल असं. ते सोडलं. आपलं घर नदीपलीकडे पश्चिमेला, चढावर आहे. तिथे पाणी येणार नाही, पण मोठ्या पुरात गावात यायचे सखल रस्ते बुडतात, तेवढे एकदोन दिवस घरात काढायची तयारी ठेवावी लागेल.

गावाचं रूप पाहून मात्र तुम्ही चकित व्हाल. सार्वजनिक इमारतींसाठी नामवंत वास्तुरचनाकार आणायचे आणि त्यांची फी कमिन्सच्या फाउंडेशनने द्यायची, अशी इथे १९५०च्या दशकापासूनची प्रथा. १९४२चं एलिएल सारिननचं चर्च त्याच्याही आधीचं. वाचनालय आय. एम. पे यांचं, समोर हेन्री मूरची ब्राँझची भलीमोठी कमान, आणि तिच्याखालून पोरं सायकली दामटतात. एवढ्याशा गावाला एवढं देखणं वाचनालय, आणि तेही सगळ्यांना खुलं. मला याचा अभिमान वाटायला लागला आहे, जणू मीच इथली.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवते तो १८७४च्या कोर्टाच्या इमारतीशेजारी. युद्धात गेलेल्या इथल्या माणसांचं स्मारक आहे तिथे: चुनखडीच्या दगडाचे उंच चौकोनी २५ खांब, दाटीने उभे. आत शिरलं की दगडावर कोरलेली पत्रं दिसतात, सैनिकांनी घरी लिहिलेली. बाबा, तुम्ही ती एकेक वाचत बसाल आणि जेवायची वेळ टळेल.

एक खरी अडचण सांगते: गाडीवाचून इथे फार अडतं. पण चालायला वेगळे, छान बांधलेले रस्ते आहेत, तेव्हा बाबांचा सकाळचा फेरा चुकणार नाही. आई, जानेवारीत येऊ नकोस, थंडी सोसणार नाही. सप्टेंबरात या, म्हणजे ऑक्टोबरात ब्राऊन काउंटीची झाडं लालपिवळी झालेली बघता येतील. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तो आधी नूतनीकरणाला टाका. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो.

तुमची,
मनू