अराताची आई

खडकी, रविवार रात्र

चि. मंदारास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी फोन कट झाला नव्हता, मीच ठेवला. तू साधंच सांगत होतास, जपानच्या नागरिकत्वाच्या अर्जाला तुझा जन्माचा दाखला लागतो आणि आमच्या लग्नाचाही. आणि माझ्या तोंडून एकदम गेलं, "म्हणजे आता स्वतःच्या घरी यायला व्हिसा काढणार का तू?" पुढचं जे बोलले ते परत लिहीत नाही. तू गप्प बसलास ते जास्त लागलं. बाबांसारखाच गप्प बसतोस.

म्हणून पत्र. फोनवर मला रडू येतं आणि मग तू समजूत काढायला लागतोस.

दुपारी दाखले शोधायला लोखंडी पेटी उघडली. तुझं बारावीचं फिजिक्सचं जर्नल वर आलं. आतल्या पानावर डकवलेलं कात्रण अजून आहे, डिंकाने पिवळं पडलंय. तुझा लाडका फुटबॉलपटू अराता, भारताच्या निळ्या जर्सीत. 2013 साल. खाली तू जपानी अक्षरांत त्याचं नाव लिहिलंयस. या जर्नलवरून बाबांनी केवढं घर डोक्यावर घेतलं होतं, परीक्षा तोंडावर आणि याचं चित्रं चिकटवणं चाललंय म्हणून. मी मधे पडले होते. तुझं जपानी त्या तीन अक्षरांपासून सुरू झालं, आधी कंपासपेटीवर, मग रानडे इन्स्टिट्यूटमधला क्लास, मग एन फाइव्हपासून एकेक परीक्षा. तेव्हा मला कोण अभिमान! शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटायचे मी.

बालेवाडी आठवते ना? बाबांची दुसरी पाळी असली की मीच स्कूटरवर तुला औंधमार्गे न्यायची. मला फुटबॉलमधलं काय कळतंय, पण अराता इझुमी कोण ते पहिल्या दिवशीच कळलं, कारण तू रस्ताभर तेच बोलत होतास. कोलकात्यात ईस्ट बंगाल, मग मुंबईत महिंद्र युनायटेड, आणि 2009 पासून आपला पुणे एफसी. मधल्या फळीत तो सतत पळत असायचा, बॉल आपल्याकडे नसतानाही. तू मला कोपराने ढोसून सांगायचास, "आई, बॉलकडे नको बघू, त्याच्याकडे बघ." आय-लीगच्या पहिल्याच मोसमात पुणे तिसरं आलं, आणि 2012-13 ला दुसरं. त्या वर्षी तू अभ्यास किती केलास हे मला विचारू नकोस.

आणि 2012 मध्ये त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं. तूच धावत येऊन सांगितलंस. भारताकडून खेळायचं तर भारताचाच पासपोर्ट लागतो, वडील गुजराती असून भागत नाही, त्याला स्वतःचा देश सोडून आपल्यात यावं लागलं. कागदावर तो नीलकंठ खंभोळजा झाला. आपण काय केलं? मी शिरा केला. देवापुढे वाटी ठेवली. पोरगं आपलं झालं म्हणून.

त्याच्या आईचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही रे. तिकडे जपानात, शिमोनोसेकीत एक बाई असेल, तिने त्याचं नाव अराता ठेवलं असेल, आणि तिचा मुलगा तिशीत तिच्या देशाचा राहिला नाही, हे तेव्हा मला दिसलंच नाही. तिला काय वाटलं ते मला ठाऊक नाही. कदाचित तिनेही शिरा केला असेल, त्यांच्यात जे करतात ते. पण आज सकाळपासून तीच बाई डोळ्यांपुढून हलत नाही.

तूही या श्रावणात तिशी पूर्ण केलीस.

परत त्या विषयावर येणार नव्हते. पण एक सांग, त्याला इथे वडिलांच्या बाजूने धागा होता. तुला तिथे काय आहे? नोकरी? नोकरी आज आहे, उद्या नाही. तो ज्या क्लबांकडून महाराष्ट्रात खेळला त्यातला एक तरी उरलाय का? महिंद्र युनायटेड 2010 ला बंद, पुणे एफसी गेला, पुणे सिटीही 2019 ला गेला. माणसाने एवढा मोठा निर्णय घ्यावा आणि ज्यांच्यासाठी घेतला त्यांनी गाशा गुंडाळावा. भारताकडून तरी किती खेळायला मिळालं त्याला, मोजकेच सामने. उमेदीची वर्षं कागद येईपर्यंत सरली. तू सगळा विचार केलायस का? घाई करू नकोस. लोकांचं बघून काही करू नकोस. पैशाकडे बघून तर...

बघ, शाळा घ्यायला लागले. माफ कर. तुला तिथे काय आहे असं मी विचारायला नको होतं. चिमणी आहे. तिच्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर बापाच्या नावापुढे परदेशी लिहावं लागतं, हे तू मागे म्हणाला होतास, मीच कानाआड केलं.

बोगद्यातला तो फोटो मी मोठा करून घेतलाय. तू किताक्युशूहून मोजीला जाऊन समुद्राखालून चालत शिमोनोसेकीला निघाला होतास, अराताचं गाव बघायला. जमिनीवर रंगवलेली रेघ, अलीकडे फुकुओका, पलीकडे यामागुची, आणि तुझा एकेक पाय दोन्हीकडे. वर एवढा समुद्र आणि तू हसतोयस. डाव्या बुटाची नाडी सुटलीय. तेव्हा फोटो बघून मी एवढंच म्हटलं होतं, नाडी बांध. आता टेबलावर ठेवलाय तर सारखी नजर त्या रेघेवर जाते. बाबांच्या वेळी तू दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलास. माझ्या वेळी व्हिसाच्या रांगेत अडकलास तर? भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते ओसीआय कार्ड असलं की व्हिसा लागत नाही, तू दोनदा समजावलंयस, मला कळलंही आहे. तरी विचारते. कार्ड यायला किती दिवस लागतात? जपानी पासपोर्ट हातात आला की लगेच अर्ज कर, आळस करू नकोस, एवढं माझं ऐक.

अराता खेळणं संपल्यावरही इथेच राहिला ना? मुलांना शिकवायला लागला. तूच सांगितलं होतंस आनंदाने. मी मात्र आज त्याच्या आईच्या बाजूने मोजत बसले, किती वर्षं झाली.

लग्नाचा दाखला बाबांच्या पेन्शनच्या फायलीत सापडला. तुझ्या जन्माच्या दाखल्यावर नुसतं आडनाव आणि 'पुरुष' एवढंच आहे, बारशाआधी काढलेला, त्यावर नाव घालून घ्यावं लागेल. मंगळवारी ऑफिसात जाते. तुझं तिकडे नाव कसं लिहिणार आहात ते तेवढं आधी कळव. 'मंदार'च राहणार असेल तर इथेही 'मंदार'च लिहून घेते, स्पेलिंगसकट.

चिमणीला गोड पापा. सूनबाईंना म्हणावं, लोणचं फ्रीजबाहेर ठेवलं तरी चालतं.

तुझी,
आई