दुर्गाबाईंची चौकट कापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दुर्गा खोटे यांच्यावरचा लेख बहुधा ‘मुगल-ए-आझम’मधल्या जोधाबाईपासून सुरू होतो, ‘बॉबी’ला उभ्या उभ्या भेटतो आणि 1983च्या दादासाहेब फाळके पुरस्कारापाशी थांबतो. जोधाबाई पडद्यावर आली 1960 मध्ये. तेव्हा दुर्गाबाई पंचावन्न वर्षांच्या होत्या. त्यांची नटी म्हणून खरी मोजणी व्हायला हवी ती 1932 ते 1936 या काळातल्या कामावर. ती होत नाही, कारण ते काम आपल्यापुढे येते तेच मोडक्या अवस्थेत.

मुंबईच्या सुखवस्तू लाड घराण्यातली, कॅथीड्रल आणि सेंट झेविअर्समध्ये शिकलेली ही बाई 1931 मध्ये एका छोट्या भूमिकेने पडद्यावर आली आणि पुढच्याच वर्षी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त तारामती झाली. हरिश्चंद्र होते गोविंदराव टेंबे. हा बोलपट मराठी आणि हिंदी असा दोनदा चित्रित झाला. तोच सेट, तेच दिवे. एका भाषेत प्रसंग झाला की दुसऱ्या भाषेत पुन्हा. हे डबिंग नव्हे. दोन्ही आवृत्त्यांत दुर्गाबाईंचा अभिनय वेगवेगळा नोंदलेला आहे. म्हणून मराठी रीळ खराब झाले तर हिंदीतले चित्र उचलून त्याखाली मराठी आवाज लावणे, हा उपाय होऊ शकत नाही. ओठ जुळत नाहीत, हाताची हालचाल वेगळ्या शब्दावर पडते आणि बघणाऱ्याला वाटते, नटीच अवघडली आहे.

आपल्याकडे पार्श्वगायन आले 1935 मध्ये. त्याआधी गाणे कॅमेऱ्यासमोरच म्हणावे लागे. वादक चौकटीबाहेर बसत, मायक्रोफोन एका जागी टांगलेला असे आणि त्याच्यापासून मान जरा वळली की आवाज पडे. मधल्या ओळीत चूक झाली तर सगळा शॉट पुन्हा. तारामतीचे उभे राहणे ताठ दिसते त्यात या तांत्रिक अडचणीचाही वाटा आहे. दुर्गाबाईंनी मात्र त्या स्थिरपणाचाच उपयोग करून घेतला. मान हलवता येत नाही ना, मग डोळे आणि हात बोलतात.

आणि नेमके तेच आज कापले जाते. त्या काळच्या बोलपटांची चौकट जवळजवळ चौरस असे, रुंदी आणि उंचीचे प्रमाण साधारण 1.37 ला 1, कधी त्याहूनही अरुंद. आजचा टीव्ही 1.78 ला 1. जुने चित्र पडदाभर करायचे म्हणून मोठे केले की उंचीतला सुमारे 23 टक्के भाग जातो. वरून कापले तर मुकुट आणि कपाळ जाते, खालून कापले तर हात. प्रभातचे कलादिग्दर्शक फत्तेलाल यांनी उभारलेल्या उंच कमानी तर दिसतच नाहीत. कापायचे नाही म्हणून कुणी चित्र आडवे ताणतात, तेव्हा माणसे सुमारे 30 टक्के रुंद होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू देणे हाच योग्य मार्ग. तो दोष नाही, ती मूळ चौकट आहे.

आवाजाचे दुखणे वेगळे. पस्तीस मिलिमीटरच्या प्रिंटवर ध्वनिपट्टी चित्राच्या 20 चौकटी पुढे असते, कारण प्रोजेक्टरमध्ये आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असतो. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे पाऊण सेकंदाहून थोडे जास्त अंतर. फिल्म तुटली आणि खराब तुकडा काढून जोडली की चित्राला धक्का एका ठिकाणी बसतो आणि आवाजाला दुसऱ्या ठिकाणी. दहा जोड असलेल्या गाण्यात वीस धक्के! श्रोता म्हणतो, बाई बेताल गात होत्या. त्यात खरखर घालवण्यासाठी संगणकावर गाळणी जोरात फिरवली की स, श, च ही अक्षरेच पुसली जातात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीचे ध्वनी मुळातच कमी उतरलेले असतात. त्यांतले आणखी काढले तर संवाद तोंडात रुमाल धरून बोलल्यासारखे होतात. थोडी खरखर राहिलेली बरी.

मूळ फिल्म नायट्रेटची, म्हणजे त्या काळच्या चटकन पेटणाऱ्या प्लास्टिकची. ती आधी पिवळी-तपकिरी पडते, मग चिकट होते, फुगते आणि शेवटी तिची भुकटी होते. पेटली तर तिला बाहेरची हवाही लागत नाही, पाण्याने ती विझत नाही. 2003च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे गेली. जे उरले ते पुढच्या पिढीच्या प्रतींवर, आणि प्रतीची प्रत काढताना दर वेळी काळ्यातले बारकावे आणखी बुजतात.

तेव्हा जुन्या बोलपटाची नवी प्रत करताना हाती असेल ते सर्वांत जुने साहित्य आधी शोधावे, टीव्हीसाठी काढलेली टेप नव्हे. दोन तासांच्या बोलपटाची 1000 फुटी रिळे साधारण 11 होतात. प्रत्येक रीळ टेबलावर हाताने फिरवून कडेची फाटलेली भोके आणि जुने जोड आधी दुरुस्त करायचे, मग आकसलेपणा मोजायचा. फिल्म एक टक्क्याच्या आसपास आकसली असेल तर दातेरी चाकाच्या यंत्रावर चढवू नये, दाते भोकांत न बसता फिल्म फाडतात. बिनदातेरी स्कॅनर वापरावा. पाठीवरच्या ओरखड्यांसाठी फिल्म द्रवातून नेत स्कॅन केली की ओरखडे भरून निघतात आणि पुढची पुसापुसी कमी लागते.

असे झाले तर ‘अमर ज्योती’तली सौदामिनी नीट पाहता येईल. मुलाचा ताबा नाकारला गेल्यावर सागरी लुटारूंची नायिका होणारी ही स्त्री 1936 मध्ये प्रभातने उभी केली, व्हेनिसच्या महोत्सवातही ती दिसली. 1934च्या ‘सीता’त पृथ्वीराज कपूर राम आणि दुर्गाबाई सीता होत्या, सव्वीस वर्षांनी हेच दोघे अकबर आणि जोधाबाई झाले. ‘सीता’ ज्याने पाहिली आहे त्याला जोधाबाईच्या गप्प बसण्यात किती काय आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

महोत्सवांच्या संयोजकांना आणि वाहिन्यांना एकच विनंती. दुर्गाबाईंचा बोलपट लावण्यापूर्वी प्रोजेक्टरची किंवा टीव्हीची ‘पडदा भरा’ ही सोय बंद करा आणि पहिली दहा मिनिटे आधी स्वतः पाहून घ्या. श्रेयनामावलीतली अक्षरे वरून किंवा खालून कापली जात असतील, तर तारामतीही कापली जाते आहे.

आपला,
जुन्या बोलपटांच्या जतनाच्या कामातील एक वाचक