मनूने तुझ्या शेऱ्याखाली लिहिलंय

प्रिय सुमे,

किती दिवस लिहीन लिहीन म्हणतेय. फोनवर हा विषय काढला की तू मध्येच तोडतेस आणि आपली जुंपते, म्हणून कागदच घेतला. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत. ह्यांचंही बरं चाललंय.

आपली ती हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' कादंबरीची प्रत आठवते ना, पुठ्ठा सुटलेली? ताईच्या मनूने ती वाचायला नेली होती, परवा परत आणून दिली. चाळताना नायिकेच्या, यमूच्या, सासरच्या पानांवर तुझी पेन्सिल दिसली, 'अगं, बोल की!' त्याच्याखाली मनूच्या बारीक अक्षरात, 'मावशी, बोलली असती, पण ऐकायला होतं कोण?'

सुमे, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

कॉलेजात याच यमूवरून तू माझ्याशी अबोला धरला होतास आणि वर माझी भाषाशास्त्राची वही घेऊन बसली होतीस (ती अजून तुझ्याकडेच आहे, मी विसरलेले नाही). तुझं म्हणणं, ती नुसती सोसते. माझं म्हणणं, नाही, ती बदलते. ती बदलते हे मी अजूनही म्हणते. पण कशाने बदलते, हे आपल्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. तेव्हा सरांनी फळ्यावर 'दुःखातून घडलेली नायिका' असं लिहिलं आणि आपण सगळ्यांनी ते मुकाट्याने उतरवून घेतलं.

आता पुस्तक परत वाचलं, या वेळी हळूहळू. दुःख शहाणं करत असतं तर त्या घरात सगळ्यात शहाणी यमूची आई व्हायला हवी होती. ती सोसून सोसून गेली आणि वडिलांनी दुसरं लग्न केलं. तिची मैत्रीण दुर्गी तर यमूपेक्षा वाईट नवऱ्याच्या हाती पडली. तिला त्या छळाने काय दिलं? सासरी यमू जे शिकते ते एवढंच, की नजर खाली ठेवायची आणि मोठ्यांचा चेहरा बघून आपण चुकलो की नाही ते ठरवायचं. याला घडणं म्हणायचं का गं?

ती खरी फुलते ती तिचा नवरा, रघुनाथराव, तिला शिकवायला लागतात तेव्हा, आणि मुंबईला बिऱ्हाड केल्यावर तर फारच. तिथे कुणी सारखं डाफरत नाही. ती वाचते, विचारते, तिचं म्हणणं कुणीतरी ऐकून घेतं. हसते गं ती! मला ती पानं सगळ्यात जास्त आवडतात आणि परीक्षेत त्यांच्यावर कधी प्रश्न आला नाही. पुढे वैधव्य येतं, केशवपन होतं. तो घाव आधीच्या सगळ्या घावांहून मोठा लागतो, कारण आपल्याकडून काय हिरावलं जातंय हे आता तिला कळतं. तिच्या आईला हे सांगता आलं नाही, दुर्गीला लिहिता आलं नाही. यमू स्वतःची सगळी हकिकत स्वतः सांगते, आणि ती ताकद तिला मुंबईच्या त्या थोड्या सुखाच्या दिवसांनी दिली. मोठेपणी ती मागे वळून लहानपणाबद्दल लिहिते ना, तेव्हा मध्येच थांबून जे बोलते, ते वाक्य सोसणाऱ्या बाईचं नसतं, विचार करणाऱ्या बाईचं असतं.

तू म्हणायचीस, विधवांना आसरा आणि शिक्षण देणारं पंडिता रमाबाईंचं शारदा सदन तर तेव्हा पुण्यातच होतं, मग यमू तिकडे का गेली नाही? मी चिडायचे. पण तुझा प्रश्न बरोबर होता, फक्त तू तो यमूला विचारत होतीस. हरिभाऊंची ही कादंबरी त्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकात 1890पासून येत होती आणि 1893मध्ये पुस्तक झालं. त्याच 1893मध्ये शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. त्या बालविधवा. त्यांचा भाऊ त्यांना मुंबईला घेऊन गेला, शाळेत घातलं. यमूच्या भावाचा, दादाचाही, तिच्यावर केवढा जीव! पण तिच्यावर तसली वेळ आली तेव्हा त्याच्याच्याने तिला सोडवणं झालं नाही. गोदूबाई काही कमी सोसून आल्या नव्हत्या. त्यांना वेळेवर कुणीतरी न्यायला आलं, एवढाच फरक.

आता मनूचं सांगते. भाऊजींचं दुखणं निघालं तशी तिने दुसऱ्या वर्षाची परीक्षा सोडली, नोकरी धरली, घरचं सगळं अंगावर घेतलं. येणारा-जाणारा ताईला म्हणतो, पोरगी किती समजूतदार झाली हो, संकटाने शिकवलं. ताईला बरं वाटतं. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. सुमे, ही तीच मनू आहे जी तुझ्याशी पत्त्यांत भांडून दार आपटून गेली होती आणि पाचव्या मिनिटाला परत येऊन 'डाव माझाच होता' म्हणाली होती. आता काहीही विचारलं तरी 'चालेल' म्हणते. जेवायला काय करू, चालेल. रविवारी येतेस का, चालेल. परवा पुस्तक देतानाही एवढंच म्हणाली, 'छान आहे.' आणि जे खरं बोलायचं ते तुझ्या शेऱ्याखाली लिहून गेली.

मी तिला काही विचारलेलं नाही. मी विचारलं की ती मला धीर देत बसेल. तुझ्याशी ती भांडते, म्हणून तुला लिहितेय.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिरंजीवांचं जमलं म्हणे, ताईकडून कळलं, मला कळवायचं नव्हतं का? साडी मी माझ्या पसंतीची घेणार. आणि आईंना नमस्कार सांग, त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना?

तर मुद्द्याचं. राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म पुढच्या महिन्यात भरायचा आहे. फीचं मी बघते. भाऊजींकडे दुपारी मी जाऊन बसेन, ताईशी तेवढं बोलणं झालंय. पण त्या घरात मनूचा अभ्यास व्हायचा नाही, आणि माझ्याकडे आली तर ती रोज संध्याकाळी पळत घरी जाणार. तुझी मागची खोली तिला दोन महिने देशील का? आधी तिला पत्र लिही. परीक्षेचं नाव काढू नकोस. तिने जे लिहिलंय ना, त्याचं उत्तर दे. ती मुद्दाम तुझ्याच शेऱ्याखाली लिहून गेलीय.

जमत असेल तर रविवारच्या आत कळव. मग ताईला मी सांगते.

तुझी,
विमल